दोरीचे शंभर वेगळे

गारखेड्यात मे महिन्याचा शेवटचा आठवडा फांद्या छाटायचा असतो. पहिल्या वादळी पावसात तारांवर फांदी पडली की रात्र अंधारात जाते, हे इथल्या प्रत्येक गल्लीला अनुभवाने ठाऊक आहे. त्यामुळे सूतगिरणी चौकापासून विभागीय क्रीडा संकुलापर्यंत ज्यांच्या अंगणात लिंब किंवा गुलमोहर आहे, ती घरं या दिवसांत झाडावर चढणाऱ्या माणसाच्या शोधात असतात. आमच्या गल्लीत अनेक वर्षं एकच माणूस येतो. सगळे त्यांना मामा म्हणतात. वय पंचावन्नच्या पुढे, वजन साठ किलोच्या आसपास, पाय अनवाणी, कमरेला कोयता. सोबत त्यांचा विशीतला भाचा असतो. पाला शेळ्यांना जातो, जाड लाकूड जळणाला. मजुरी झाडामागे ठरते.

मामांची पद्धत साधी. दोराच्या टोकाला दगड बांधून तो वरच्या बेचक्यातून पलीकडे टाकायचा. खाली आलेलं एक टोक कमरेला बांधायचं. दुसरं टोक भाच्याच्या हातात. मामा खोडाला धरून चढतात, भाचा ढिला पडलेला दोर ओढून घेत राहतो. पाय सुटला तर भाच्याने धरायचं. जिथे खोड सरळ आहे आणि धरायला काही नाही, तिथे मामा भाच्याकडचा दोर दोन्ही हातांनी खाली ओढतात आणि स्वतःला वर घेतात. असं दिवसाला चार-पाच झाडं, आणि एका झाडावर दोन-तीनदा वर-खाली.

दोन वर्षांपूर्वी मामांनी चहाचा ग्लास डाव्या हातात घेतला, तेव्हा माझं लक्ष गेलं. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. पंचा पिळता येत नाही, तांब्या उचलला की कळ येते, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, टेनिस एल्बो. मामा हसून म्हणाले, "मी कुठं टेनिस खेळलो, ताई?"

मीही कधी खेळले नव्हते, पण तोच आजार मला होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यातल्या कंपनीचं काम गारखेड्यातल्या घरून करते. दिवसाचे नऊ तास माऊस धरून माझ्या उजव्या कोपरात तेच दुखणं सुरू झालं होतं. फिजिओथेरपिस्टने मला ते नीट समजावून सांगितलं होतं. मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटं आत वळवणारे स्नायू काम करतात हे दिसतं; पण मनगट त्यांच्याबरोबर आत वळू नये म्हणून हे मागचे स्नायूही तितकेच ताणलेले राहतात, हे दिसत नाही. म्हणून जितकी घट्ट मूठ, तितका कोपराच्या त्या एका बिंदूवर ताण. माऊसवर तो ताण अगदी थोडा पण तासन्‌तास असतो. दोरावर तो प्रचंड आणि धक्क्याधक्क्याने येतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश भरून येते. दोघांचंही निदान एकच होतं. मला उभा माऊस आला, हाताखाली टेकू आला, व्यायामाचा तक्ता आला, आणि यातलं बरंचसं कंपनीच्या खर्चाने. मामांना गोळ्या आणि बाम. डॉक्टरांनी त्यांना विश्रांती सांगितली होती, पण मे महिन्यात विश्रांती घेतली तर वर्षाचं गणित बसत नाही.

*

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये पट्टा आणि दोर यांच्या घर्षणाचा एक धडा असतो. परीक्षेत त्यावर हमखास एक गणित येतं, आणि पुढे कॉम्प्युटरकडे गेलेल्यांना ते पुन्हा कधी लागत नाही. सूत्र लिओनार्ड ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं. दोर एखाद्या गोल वस्तूवरून वळत असेल, तर ओढायच्या बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या ताणाच्या कितीतरी पट होतो. ही पट घर्षणांक आणि वळणाचा कोन या दोनच गोष्टींवर ठरते, आणि कोन वाढला की चक्रवाढ व्याजासारखी वाढते. ओंडका जाड आहे की बारीक, याचा संबंध नाही. बंदरावर एक खलाशी खांबाला दोराचे तीन-चार वेढे देऊन अख्खं जहाज धरून ठेवतो, ते याच हिशोबाने.

कॉलेजात असताना मी सह्याद्रीत ट्रेकिंग करायचे. तेव्हाचा एक दोर, दोन हार्नेस, काही कॅराबिनर आणि एक कप्पी घरात होती. बॅगा मोजायचा लटकता काटाही होता. एका रविवारी मी आमच्याच लिंबाच्या खालच्या बेचक्यातून दोर टाकला, एका टोकाला पाण्याने भरलेली पंधरा किलोची बादली बांधली आणि दुसऱ्या टोकाला काटा लावून ओढलं. बादली वर उचलताना काटा ३८ किलोच्या आसपास नाचत होता. तीच बादली हवेत नुसती धरून ठेवायला मात्र सहा किलो पुरत होते. बेचक्यात कॅराबिनर अडकवून त्यातून दोर नेला, तर उचलायला सुमारे २४ किलो लागले. कप्पी लावली तर सोळा-सतरा.

पुस्तकातलं गणितही हेच सांगतं. सालीवर दोराचा घर्षणांक ०.३ धरला आणि दोर वर जाऊन खाली आला, म्हणजे अर्धा वेढा झाला, तर ताण अडीच पटीहून थोडा जास्त होतो. मध्येच एखादी आडवी फांदी लागून दोर आणखी साठ अंश वळला, तर त्यावर पुन्हा ३७ टक्के चढतात. म्हणून दोर टाकताना रेष सरळ पडते आहे ना हे पाहणं, यालाच कोपराचा पहिला इलाज म्हणता येईल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

मामांना लागू केलं तर चित्र असं दिसतं. साठ किलोचा माणूस बेचक्यातून गेलेला दोर स्वतःच ओढून वर चढतो, तेव्हा त्याचं वजन दोराच्या दोन बाजूंवर वाटलं जातं. घर्षण शून्य असतं तर हातांना तीस किलो ओढावे लागले असते. बदल्यात एक मीटर चढायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. पण साल आणि दोर यांच्या घर्षणामुळे वाटणी बिघडते. हातांच्या बाजूला ४३ किलो येतात, दुसरीकडे सतराच राहतात. सात मीटर चढायचं म्हणजे चौदा मीटर दोर. एका ओढीत चाळीस सेंटिमीटर धरले तर पस्तीस ओढी. प्रत्येक ओढीत तेरा किलो केवळ फांदीच्या सालीला घासण्यात जातात. पस्तीस ओढींचे मिळून साडेचारशे किलोच्या वर झाले, आणि ही फक्त एक चढाई. त्यात भर म्हणजे हात डोक्याच्या वर नेऊन ओढलं, तर खांद्याच्या सांध्यातली जागा आवळली जाते आणि तिथली कंडराही घासते. कोपर आणि खांदा एकदम जातात, ते असे.

घासतं ते झाडही. सालीच्या लगेच आत कॅम्बियमचा पातळ थर असतो. झाडाची जाडी वाढते ती त्याच्यामुळे. एकाच जागी दोर करवतीसारखा फिरत राहिला, तर तो थर उघडा पडतो. परदेशात झाडावर दोराने चढणारे व्यावसायिक बेचक्याभोवती एक मजबूत पट्टा बसवतात. त्याच्या दोन टोकांना दोन धातूच्या कड्या असतात आणि दोर त्या कड्यांतून जातो. या साधनाला ते 'फ्रिक्शन सेव्हर' म्हणतात, आणि 'कॅम्बियम सेव्हर'ही म्हणतात. माणसाचा कोपर वाचवणाऱ्या वस्तूचं दुसरं नाव झाडाच्या कातडीवरून पडलेलं आहे.

*

मग कप्पीच का लावू नये, हा प्रश्न कुणालाही पडेल. मी मामांना बादलीचा खेळ दाखवला, आणि कप्पी लावल्यावर काय होईल असं विचारलं. त्यांनी दोन्ही दोर हाताने ओढून पाहिले, एकदा भाच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे चाक लावलं तर पोरगं वर जाईल अन् मी खाली येईन."

सूत्रही तेच सांगत होतं. साठ किलोचे मामा लटकले, तर बेचक्यामुळे भाच्याला जेमतेम तेवीस किलो धरावे लागतात. दीड बादली पाणी. विशीतल्या मुलाला ते जमतं. कप्पी लावली की त्याला पंचावन्न किलो धरावे लागतील, आणि त्याचं स्वतःचं वजन त्याहून फार जास्त नाही. म्हणजे चढताना मामांचा कोपर खाणारं घर्षण आणि पडताना त्यांचा जीव धरणारं घर्षण ही एकच गोष्ट होती. नुसतं काढून टाकणं हा मार्ग नव्हता.

मामांनी पुढे जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. त्यांच्या लहानपणी वडिलांच्या विहिरीवर मोट होती. मोटेला दोन दोर असतात. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सगळं वजन घेतो. बारीक सोंदूर मोटेच्या सोंडेला बांधलेला असतो आणि खालच्या लाकडी रुळावरून जातो. चाकाला वंगण लागतं, नाहीतर आधी नाडा झिजतो, मग बैलांचे खांदे. "अन् बैल कामून खाली चालत्यात?" त्यांनी मला विचारलं. मोटेची धाव विहिरीपासून दूर जाताना उताराची केलेली असते. बैल मोट ओढतात तेव्हा ते उतरत असतात, म्हणजे मानेच्या जोराला त्यांच्या अंगाचं वजन मिळतं. मोट हाकणारा कधी स्वतः नाड्यावर बसतो आणि आपलंही वजन त्यात घालतो. रिकामी मोट खाली सोडायची असते, तेव्हा बैल उलटे चढ चढतात. पण तेव्हा दोरावर ओझं नसतं.

मामांच्या या चार वाक्यांत दोन्ही उत्तरं होती. घासायची जागा ठरवून निवडायची, आणि ओझं खांद्यावरून काढून अंगाच्या वजनावर घालायचं. झाडावर चढणाऱ्यांच्या जगात गेल्या शंभर वर्षांत जे शोध लागले, ते जवळपास सगळे या दोन वाक्यांत बसतात.

पहिल्याची सुरुवात एका गाठीपासून होते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचे वेढे जाड दोराभोवती द्यायचे. गाठीला लटकलं की ती आवळते आणि दोर पकडते. वजन काढून हाताने सरकवलं की सरकते. आज जगभर झाडांवर चढणारे जी गाठ वापरतात, ती याच कुळातली. या गाठीमुळे दोराच्या दुसऱ्या टोकाला माणसाची गरज राहत नाही. चढणारा स्वतःच स्वतःला धरतो. आणि घर्षण, जे आजवर दहा मीटर वर एका फांदीच्या सालीत होतं, ते त्याच्या पोटासमोर, त्याच्या हाताशी येतं.

इथे पुन्हा हिशोब करावा लागतो. बेचक्यातून गेलेल्या दोरावर मामा खाली उतरतात, तेव्हा सालीच्या घर्षणामुळे गाठीवर सतराच किलो येतात. बेचक्यात कड्या बसवल्या तर तेवीस येतात, कप्पी लावली तर एकोणतीस. फांदीवरचं घर्षण जितकं कमी, तितकं काम गाठीने करायचं. म्हणून गाठीला वेढा वाढवावा लागतो आणि दोरीही चांगली लागते. मोंढ्यात मिळणारा निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो १६५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. भरभर उतरणाऱ्या माणसाच्या गाठीत तेवढी उष्णता तयार होऊ शकते. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोनशे अंशांच्या बरंच पुढे टिकतात, आणि गाठीसाठी मिळणाऱ्या खास दोऱ्यांच्या वेष्टनात अरामिड धागा असतो, तो वितळतच नाही. दोराच्या जाडीचाही कोपराशी संबंध आहे. बारीक दोर पकडायला मूठ जास्त आवळावी लागते. झाडावर चढायचे दोर अकरा ते तेरा मिलिमीटरचे असतात, त्याचं एक कारण हे आहे.

दुसऱ्या वाक्याची, म्हणजे पायांची, गोष्ट पक्ष्यांपासून सुरू होते. स्वित्झर्लंडचे अडॉल्फ युसी गरुडांचा अभ्यास करायचे आणि त्यासाठी कड्यांवर दोराने लटकायचे. त्यांच्यासाठी वॉल्टर मार्टी यांनी दोरावर एकाच दिशेने सरकणारी पकड बनवली. १९५८ मध्ये ती बाजारात आली. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून तिचं नाव झालं 'जुमार'. सह्याद्रीत सुळक्यांवर चढणारी मराठी मुलं 'जुमारिंग' हे क्रियापद सहज वापरतात, ते त्या दोन स्विस माणसांच्या नावाचं. जुमारला पायासाठी एक फास लावला की चढणं म्हणजे पायऱ्या चढणं होतं. हात फक्त तोल सांभाळतात. आज झाडांवर चढणारे एक पकड पावलाला आणि दुसरी गुडघ्याला लावून दोरावर अक्षरशः चालत वर जातात.

केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने नारळावर चढायचं जे यंत्र बनवलं, त्यातही हेच तत्त्व आहे. खोडाभोवती दोन फास, प्रत्येकाला पाऊल ठेवायची जागा. एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा फास वर सरकवायचा. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना नारळावर चढायचं जे प्रशिक्षण दिलं, ते यंत्राच्या साहाय्याने चढण्याचंच. आपल्या शेजारच्या तेलंगणात सरकारने २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांना 'काटमय्या रक्षा कवच' नावाचे दोर-पट्ट्यांचे संच वाटायला सुरुवात केली. नारळ, ताड ही एकसुरी सरळ झाडं आहेत आणि त्यांच्यामागे बाजार आहे, मंडळं आहेत, मतं आहेत. गारखेड्यातल्या लिंबावर चढणारा माणूस मात्र कुठल्याच पिकाचा कामगार नसतो. त्याच्यासाठी कुणी यंत्र काढत नाही, कारण त्याचं झाड दर दोन मीटरवर वेगळं वागतं.

*

आम्ही जे केलं त्यात नवा शोध काही नव्हता. बेचक्याला रुंद पट्टा आणि दोन कड्या. बसता येईल असा हार्नेस, कारण कमरेच्या एकट्या दोरावर लटकलेला माणूस फार वेळ नीट श्वास घेऊ शकत नाही. हार्नेसला प्रुसिकच्या कुळातली गाठ. गाठीखालच्या दोरावर पायाचा एक फास. कापताना खोडाभोवती आणखी एक दोर, म्हणजे कोयत्याने एक कापला तरी दुसरा राहील. तारांजवळची झाडं वीज बंद करून घेतल्याशिवाय नाहीत. हा नियम मामांचा आधीपासूनच होता.

पहिले दोन रविवार मामा जमिनीपासून हातभर उंचीवरच लटकत राहिले. गल्लीतली मुलं झोका समजून रांग लावत होती. कड्यांमुळे ओढीचा जोर ४३ वरून ३७ किलोवर आला. आकडा बघायला फार वाटत नाही. पण ते सदतीस आता पायाने खाली ढकलायचे होते, आणि जो पाय रोज जिन्यावर अख्खे साठ किलो उचलतो त्याला ते जाणवतही नाहीत. हात कोपरात वाकलेले, छातीपाशी, फक्त दोर सरळ ठेवायला. "हे तर मोटेच्या बैलावाणी झालं," मामा म्हणाले.

कप्पी त्यांनी लावू दिली नाही. कड्यांमध्ये थोडं घर्षण उरतं, ते त्यांना हवं होतं. उतरताना गाठ एकटीच काम करते आहे, हे त्यांना पटेना. याबाबतीत जगातले अनुभवी चढणारेही त्यांच्याच बाजूचे निघाले. दोर एकाच बाजूने, न हलणारा असा बांधून चढलं, तर फांदीवर काहीच घासत नाही. पण मग गाठीवर अर्धं नाही, पूर्ण वजन येतं आणि ती इतकी आवळते की सरकेनाशी होते. त्यावर केविन बिंगहॅम या अमेरिकन चढणाऱ्याने 'रोप रेंच' नावाचं साधन काढलं. ते गाठीच्या वर बसतं, उतरताना दोराला वाकवून मुद्दाम थोडं घर्षण परत आणतं, आणि चढताना बाजूला होतं. फांदीवरून काढलेलं घर्षण शेवटी विकत आणून दोरावर बसवावं लागलं, हे मी सांगितलं तेव्हा मामांना फार समाधान वाटलं.

फांदीच्या वजनाचा प्रश्नही त्यांनीच काढला. स्वतःच्या दोन्ही बाजू स्वतःच धरून लटकलं, तर बेचक्यावर साठ किलोच येतात. पण दुसरं टोक खाली खोडाला बांधून चढलं आणि वर कप्पी असली, तर त्या बेचक्यावर जवळपास दुप्पट, एकशेवीस किलो येतात. घर्षण कमी केलं की फांदीवरचं ओझं वाढतं. लिंबाच्या मांडीएवढ्या फांदीला त्याचं काही नाही. गुलमोहर बाहेरून धड दिसतो आणि आतून पोकळ निघतो. शेवग्यावर तर माणसाने चढूच नये, हे मराठवाड्यात लहान पोरालाही सांगितलेलं असतं. कुठल्या फांदीला किती विचारायचं, हे मामा सालीवर कोयत्याची मूठ ठोकून आवाजावरून ठरवतात. त्याचं सूत्र माझ्याकडे नाही.

कॅराबिनरवर कोरलेला २२ हा आकडा त्यांनी मला विचारला. तो किलोन्यूटनमध्ये असतो. साधारण दोन हजार दोनशे किलोचं ओझं झेलण्याची हमी. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मपल्या चऱ्हाटावर कधी कुणी असं लिहिलं नव्हतं."

एक गोष्ट मात्र त्यांना आवडली नाही, आणि ती मी आजवर सोडवू शकलेले नाही. पूर्वी दोराच्या दुसऱ्या टोकाला भाचा असायचा. मामा वर थबकले की त्याला दोरातून कळायचं. दोर हलका झाला, जड झाला, थरथरला, यावरून खालचा मुलगा वरच्या माणसाचा थकवा वाचायचा. आता भाचा मोकळा झाला. तो फांद्या ओढतो, पाला बांधतो, काम अर्ध्या वेळात होतं. पण वर मामा एकटे असतात. "टोकाला माणूस असला की बोलल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. आता भाचा मधूनमधून खालून हाक मारतो आणि मामा वरून ओ देतात. मोठ्या झाडांवरच ते ही सगळी मांडणी वापरतात. आंबा, पेरू, बुटका लिंब असला तर अजूनही अनवाणी, जुन्या दोरानिशी.

माझ्या धंद्यात 'फ्रिक्शन' हा शब्द शिवीसारखा वापरतात. अ‍ॅपमध्ये एक क्लिक जास्त झाला की बैठक बसते. माणसाला कुठे थांबावं लागू नये, विचार करावा लागू नये, इतकं सगळं गुळगुळीत हवं. पण पैसे पाठवताना यूपीआय शेवटी पिन विचारतं, आणि ते कुणी काढा म्हणत नाही. बाकी सगळीकडचं घर्षण कमी केल्यावर ते एका जागी, माणसाच्या हाताशी, जाणूनबुजून ठेवलेलं आहे. मामांची गाठ मला तशी वाटते. फरक इतकाच, की आमच्याकडे एखादी गोष्ट गुळगुळीत झाली तेव्हा तिथली झीज कुणाच्या अंगावर गेली, हे बहुतेक वेळा दिसत नाही. दोरावर ते दिसतं. एका हंगामात गाठीच्या दोरीचं वेष्टन केसाळ होतं, एका बाजूने चकाकायला लागतं, आणि मग ती फेकून नवी घ्यावी लागते. आधी हीच झीज लिंबाच्या सालीत आणि मामांच्या कोपरात होत होती. तिथे बदलायला नवा तुकडा मिळत नाही.

कोपर पूर्ण बरा झालेला नाही. पंचा पिळता येतो, तांब्या उचलता येतो, थंडीत दुखतो. माझाही तसाच आहे.

गाठीची पहिली दोरी मी मागवली होती. दुसरीचे पैसे मामांनी मोजून माझ्या हातात ठेवले, आणि त्या वर्षापासून झाडाचा भाव सांगताना ते शेवटी एक ओळ जोडतात: "अन् दोरीचे शंभर वेगळे." गल्लीतले लोक मजुरीत घासाघीस करतात, तशी या शंभरातही करतात. दोरी तर तुमचीच आहे, तिचे कसले पैसे, असं विचारतात. मामा मजुरीत कधी पन्नास सोडतात, पाला न्यायचाही सोडतात. ते शंभर मात्र सोडत नाहीत. फारच कुणी ताणलं तर पिशवीतून जुना, केसाळ झालेला तुकडा काढून त्यांच्या हातात देतात आणि म्हणतात, "बघा, एवढी झिजली."